शिमगा, गुहागर

आज सकाळी मृदुंग वाजला आणि अख्खी आळी अंगणात आली. खेळे, म्हणजे शिमग्यात सोंगं घेऊन दारोदारी नाचणारे गडी, आले होते! पुढे संकासुर. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो नुसता वळला तरी घुंगरं खणाणतात आणि पोरं किंचाळत माडाआड पळतात. पळतात, पण लांब जात नाहीत. मागून गोमू, म्हणजे लुगडं नेसलेला गडी. असा लचकत नाचला की आजीनेही तोंडाला पदर लावला.

संध्याकाळी ग्रामदेवतेची पालखी. खांद्यावर घेऊन ती नाचवतात तेव्हा माझे डोळे भरून येतातच. दारात पालखी बसली, ओटी भरली, गाऱ्हाणं झालं. मुंबईतल्या लेकरांना सुखी ठेव म्हणताच सगळ्यांचं एका सुरात ‘होय महाराजा!’

गोव्याचा कार्निव्हल जगाला माहीत आहे, आणि तो आहेच सुंदर. पण आमची ही सोंगंही तितकीच रंगतात. फक्त समुद्र बघायला गुहागरला येणाऱ्यांनी एकदा फाल्गुनात या. चाकरमानी तर मिळेल त्या गाडीने, उभ्याने प्रवास करून येतात. उद्या खेळे पुन्हा निघणार, आम्हीही त्यांच्या मागे.