कासवाच्या खणातली लाइट बिलं

पोलादी कपाटाला करडा रंगच का, असं कुणी कधी विचारत नाही. फार झालं तर शेवाळी हिरवा. गोदरेजनं १९२३ साली पोलादी कपाटं करायला घेतली. तेव्हापासून कचेऱ्या भरल्या, घरं भरली, लग्नात लेकींबरोबर कपाटं सासरी गेली, पण रंगाच्या बाबतीत सगळ्यांनी मौनव्रत पाळलं. धूळ दिसत नाही, डाग दिसत नाही, हळूहळू कपाटही दिसत नाही.

आमच्याकडचं तर अस्सल कचेरीतलं. सासऱ्यांच्या ऑफिसनं जुनं सामान काढलं तेव्हा त्यांनी फायलींचं चार खणांचं कपाट आणि जोडीला एक टेबल बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आणलं. खण अजून बोटानं ओढले तरी सरकतात. भुश्शाच्या फळ्यांचं हल्लीचं फर्निचर दोन पावसाळ्यांत फुगतं, त्याला हे कपाट दाखवायला न्यावं. पत्रा मात्र कोपऱ्यांवर गंजला होता, म्हणून रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं एक नजर टाकली आणि निकाल दिला, “बेन, आने तो पाछो ग्रे ज मारी दऊं.”

बडोद्यात राहून पुन्हा ग्रे? रावपुऱ्यात तांबेकरांचा वाडा आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर महाभारत आहे, कृष्णलीला आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाईसुद्धा आहे. रिकामी जागा म्हणून सोडायची नाही, हा जुन्या माणसांचा खाक्या. ज्या गावात दिवाणाला आपल्या भिंती कोऱ्या बघवल्या नाहीत, तिथे आमच्या जिन्याखालच्या कपाटानं काय घोडं मारलंय?

दुसरं उदाहरण तर घरातच होतं. संखेड्याचा झोपाळा. संखेडा इथून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. तिथले कारागीर सागवानी लाकूड खरादीवर उतरवतात, त्यावर कथलाची पूड डिंकात कालवून नक्षी काढतात, अकीकाच्या दगडानं घोटतात आणि वरून लाखेचा हात देतात. लाखेखालचं चंदेरी कथील सोनेरी दिसू लागतं. म्हणजे लाकडाला धातूची झळाळी द्यायची केवढी ही खटपट! आमच्याकडे धातू आयताच होता, आणि तो बिचारा करड्या रंगाखाली तोंड लपवून बसलेला.

रंगाऱ्याकडून मी फक्त पाया करून घेतला, कारण खरी मेहनत तिथेच आहे. सोड्याच्या पाण्यानं तेलकटपणा काढायचा, गंजावर आधी जाड पॉलिश पेपर, मग सगळीकडे बारीक. पत्रा कोरडा ठणठणीत झाला की रेड ऑक्साइडचा हात. गंमत अशी की त्या प्रायमरचा लाल रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाच्याच गोतावळ्यातलं. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूही त्यातलाच. गंज घासून काढायचा आणि त्याच्याच चुलतभावाला पहाऱ्यावर बसवायचं! त्यावर मरून ऑइल पेंटचे दोन हात. हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत रंग दिवसदिवस चिकट राहतो आणि शेजारच्या मांजरालाही त्यावर पंजा उमटवायची हौस येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

नक्षीसाठी चैत्रांगण घेतलं. चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौरीपुढे काढायचं ते. सूर्य-चंद्र, शंख, कासव, नाग, मोर, कमळ, सगळं हातात बसलेलं. पण रांगोळी चिमटीतून सुटते ती खालीच जाते, आणि आपल्याला ती खालीच हवी असते. ऑइल पेंटलाही खालीच जायचं असतं, फक्त उभ्या कपाटावर खाली म्हणजे शंखातून थेट कासवाच्या डोक्यावर. म्हणून खण उचलून बाहेर काढले आणि दर्शनी बाजू वर करून पाटावर आडवे निजवले. चकाकत्या रंगावर दुसरा रंग नीट धरत नाही, तेव्हा आधी बारीक पेपर हलकेच फिरवला. मग खाका. कागदावर चित्र काढून रेषेवर टाचणीनं टोचत जायचं आणि कागद पत्र्यावर धरून खडूच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. कागद उचलला की ठिपक्याठिपक्यांचा मोर तयार. एवढ्या एका क्षणासाठी सगळा खटाटोप करावा. पुढे ब्रशनं रेघ ओढताना श्वास रोखायचा असतो, तो भाग तितकासा मजेचा नाही.

सगळं कपाट मात्र नक्षीनं भरलं नाही. इंटरनेटवर दिसतात तशी गुलाबांनी डोक्यापासून पायापर्यंत मढवलेली कपाटं मला बघवत नाहीत. त्यांना आपल्या नोकरीची लाज वाटत असावी असं वाटतं. आमच्या कपाटाच्या दोन्ही बाजू साध्या मरून आहेत, मुठी आणि चिठ्ठीच्या चौकटी घासून उघड्या धातूच्या ठेवल्यात, वर वार्निशचा पातळ हात. खणांच्या आतला करडा रंगही तसाच आहे. चाळीस वर्षं फायली सांभाळल्या त्यानं, तेवढा मान राहू दे.

चौकटींत चिठ्ठ्या घालायचं राहूनच गेलं, आणि आता गरजही उरली नाही. लाइट बिलं कासवात, कारण तक्रारीची दाद त्याच चालीनं लागते. पासपोर्ट मोरात. औषधांच्या फायली शंखात. घरपट्टी नागाकडे, त्याबद्दल घरात दुमत नाही. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी चष्मा कपाळावर चढवून सगळं निरखलं, “हं” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात हाक आली, “सूनबाई, पेन्शनचे कागद मोरात आहेत का गं?”

टेबलाला मात्र हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलंय. त्यावर ते रोज संध्याकाळी हिशेब लिहितात, आणि मोराकडे बघत बघत बेरीज चुकते म्हणतात.