ती होती की

मंगळवार, रात्री उशिरा

तो बरा आहे. हे आधी लिहून टाकते, कारण दिवसभर मी एवढंच बोलतेय. फोन उचलला की "बरा आहे". दार उघडलं की "बरा आहे, पडलाय जरा". शुक्रवारी नसबंदीचं ऑपरेशन केलं, शनिवारी ठणकत होतं, रविवारी लोडाला टेकून आख्खी मॅच बघितली. टाका नाही, पट्टी एवढीशी. डॉक्टर म्हणाले आठवडाभर जड काही उचलू नका, तर घरात त्याला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीये.

आज आत्या येऊन गेल्या. एवढ्या उन्हात, दोन बस बदलून, शहाळी घेऊन. त्याच्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि निघताना चप्पल घालता घालता मला म्हणाल्या, "भाग्यवान आहेस हो. असा नवरा मिळायला पुण्य लागतं. आमच्या ह्यांच्यासमोर नुसतं नाव काढलं असतं ना..." पुढचं हसण्यात गेलं. मीही हसले. मग आत येऊन शहाळ्यांची पिशवी ओट्यावर जरा जोरातच ठेवली.

तेव्हापासून सलतंय. काय सलतंय ते नीट सापडत नाही, म्हणून लिहायला बसले.

हे व्हावं असं मलाच वाटत होतं की. आणि त्याला कुणी ढकललेलंही नाही, स्वतःहून केलं. वर लपवलं नाही. "लपवायचं काय त्यात?" म्हणत घरच्या ग्रुपवरच टाकलं. चुलतभावांनी पांचट विनोद केले, तेही त्याने हसून घेतले. एकाने मग हळूच वेगळा मेसेज करून डॉक्टरांचा नंबर मागितला. हे सगळं चांगलंच झालं. मला कळतं की चांगलं झालं. तरी आत्या "पुण्य" म्हणाल्या आणि माझं तोंड आंबट झालं.

आत्यांचं चुकलं म्हणावं तर तेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे मी मागे बघितले होते. १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांमध्ये स्वतःचं ऑपरेशन झालेल्या ३७.९ टक्के. नवऱ्याचं झालेलं आहे अशा ०.३. पूर्ण एक टक्कासुद्धा नाही! आणि बाईचं करायचं म्हणजे पोटातून जावं लागतं, छेद देऊन नाहीतर दुर्बिणीने. पुरुषाचं तिथल्या तिथे बधिर करून, बारीकसं भोक पाडून, अर्ध्या तासाच्या आत होतं. सोपं कुणाचं आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल. पण पुरुषांना कमजोरी येते म्हणे. कसली कमजोरी? नळी बांधली म्हणून हार्मोन थोडेच अडतात, ते रक्तातून जातात. हे मी ताईंना, म्हणजे नणंदेला, फोनवर समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "असेल गं, पण जप त्याला." जपतेय.

तर दुर्मीळ आहे, हे मान्य. दुर्मीळ गोष्टीचं कौतुक होणारच. मग मला पोटशूळ का?

मोठीच्या नंतर गोळ्या घेत होते. डोकं दुखायला लागायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा यायच्या, अर्धं अक्षर दिसायचं अर्धं नाही. मला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. डॉक्टरांना सहज बोलले तर त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. अशा मायग्रेनमध्ये या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, आजपासून बंद, म्हणाल्या. मग कॉपर-टी. बसवताना "खोका बघू एकदा" म्हणाल्या, मी खोकले, आणि त्याच क्षणी आत चिमट्याने धरल्याची जी कळ आली ती कंबरेतून थेट टाचेपर्यंत गेली. सिस्टर म्हणाल्या, "झालंच." झालंच कसलं. पाळी आठ-आठ दिवस, पहिले तीन दिवस तर ऑफिसच्या खुर्चीवर काळी ओढणी घडी करून बसायचे. सगळ्यांना असं होत नाही, कित्येकींना तिचा काही त्रास नसतो. मला झाला. हिमोग्लोबिन ८ वर आलं तेव्हा काढली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "हल्लीच्या पोरींना काही सोसतच नाही."

तेव्हा कुणी बस बदलून आलं नाही. येणार तरी कसं? कुणाला सांगायचं, आणि काय सांगायचं? ही बातमीच नव्हती. बायकांच्या अंगावर जायचं, पांढरं जायचं, दुखायचं, हे सगळं पंखा फिरतोय इतकं रोजचं. फिरतोय तोवर कुणी वर बघत नाही.

धाकट्याच्या वेळी, टेबलावर पोट उघडलेलं असताना, डॉक्टरांनी पडद्याच्या वरून विचारलं होतं, "सोबतच ट्यूब बांधून टाकू?" तो तेवढ्यात रडला नव्हता. नको म्हटलं. मग त्याला काचेत ठेवलं. त्या आठवड्याबद्दल लिहायचं नाहीये.

आणि नंतरचं ते. त्याच्याबद्दलही लिहायचं नव्हतं खरं तर, पण सगळं फिरून तिथेच येतंय. निरोध फाटला, आम्हाला वाटलं होईल काय एवढ्यात, आणि झालं. डॉक्टर चांगल्या होत्या, एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. मी विचारलं, नवऱ्याची सही लागेल ना? म्हणाल्या, नाही, कायद्याने तुमची एकटीची पुरते. मला माहीतच नव्हतं. गर्भपाताचा १९७१ पासूनचा कायदा आहे. सही करताना हात अजिबात कापला नाही, याचंच मला नंतर कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. एक गोळी तिथे घेतली, मग घरी चार. सासूबाईंना सांगितलं पाळी जोरात आलीय. खोटंही नाही. बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते, बाहेर मोठी दार वाजवत होती, तिला भूगोलाच्या वहीला कव्हर घालून हवं होतं. घातलं. ब्राऊन पेपर, चिकटपट्टी, नाव-इयत्ता-तुकडी.

त्याला मात्र सगळं माहीत होतं. दवाखान्यातून येताना गाडीत तोच म्हणाला, "बास. आता मीच करून घेतो." सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना, मागचे हॉर्न मारायला लागले. त्या वाक्यासाठी मी त्याला पुष्कळ काही माफ केलंय. पुढे वर्ष गेलं, ते वेगळं. कधी ऑडिट, कधी लग्न, कधी पाऊस.

मला कौतुक नको होतं, असं आत्ता लिहिलं आणि खोडलं. हवं होतं. त्या दिवशी कुणीतरी शहाळं आणायला हवं होतं. त्याने केलं ते त्याला सांगता येतं. विनोद होतात, वाहवा होते, विषय संपतो. माझ्यातलं निम्मं सांगण्यासारखंच नाही. आणि सांगितलं असतं तर आत्या आल्या असत्या का, आणि येऊन काय म्हणाल्या असत्या, तेही मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हा सगळा हिशेब त्याच्या नावावर टाकायचा, तर तेही बरोबर नाही. त्याने कुठे मागितलं? तो बिचारा लोडाला टेकून शहाळं पितोय.

बिचारा! मीसुद्धा सुरू झाले.

खरं सांगायचं तर सुरुवात आत्यांपासून नाहीच. गुरुवारी रात्री त्याने आई-अण्णांना सांगितलं. अण्णांनी पेपर तोंडापुढे धरला. सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या आणि अगदी मायेने, मी तिथेच कुकरला शिट्टी लावत असताना म्हणाल्या, "अरे, पण तुला कशाला? ती होती की."

भांडता येईल असा आवाजच नव्हता तो. कढईला झारा नसेल तर पळी आहे की, त्या चालीवर. तो म्हणाला, "आई, तिची दोन सिझेरियन झालीत." त्या म्हणाल्या, "तेच म्हणते, सवय असते बायकांना."

मी पाच दिवस ते वाक्य चघळतेय. नाना उत्तरं तयार केली, सगळी एकाहून एक झणझणीत. आज आत्या गेल्यावर सासूबाई लसूण सोलायला बसल्या तेव्हा त्यातलं एक काढणारच होते, तर त्यांनीच विषय काढला. "माझं शिबिरात झालं होतं," म्हणाल्या. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तालुक्याची शाळा. वर्गातली बाकं बाहेर पटांगणात काढलेली, आत ओळीने सतरंज्या. दुर्बिणीचं नवीन निघालं होतं तेव्हा, त्याची फार चर्चा. मनगटावर निळ्या शाईने नंबर घातला होता, तो म्हणे पुढे दोन-तीन दिवस भाकरी थापताना दिसत होता. हा तीन वर्षांचा, शेजारणीकडे ठेवलेला. ताई अंगावर पीत होती. संध्याकाळी जीपने एकेकीला दाराशी सोडलं.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी काय? पाणी आलं, भरलं."

"अण्णांनी का नाही भरलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसूच आलं. त्याही हसल्या. "अण्णांना ऑपरेशनचं नाव काढलेलं चालायचं नाही," म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून सांगितलं ते असं की, आणीबाणीत अण्णा नुकतेच शाळेत लागले होते. मास्तरांना केसेसचे आकडे ठरवून दिले होते, नाहीतर पगार अडायचा. अण्णांनी कुणाकुणाला नेलं. त्यातला एक म्हातारा होता, आणि एकाचं लग्नही व्हायचं होतं बहुतेक. एवढं बोलून त्या थांबल्या. लसणाची सालं फुंकली. मी पुढे विचारलं नाही.

रात्री शोधून वाचलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांच्या वर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर तिसऱ्या मुलानंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच १९७६ मध्ये मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते तिथेच राहिलं. पुढे सरकार पडलं, खात्याचं नाव कुटुंबनियोजनाचं कुटुंबकल्याण झालं, आणि पुरुषांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मग सतरंज्यांवर कोण आलं ते दिसतंच आहे. पुरुषांवर वर्ष-दीड वर्ष सक्ती झाली ती पन्नास वर्षं सगळ्यांच्या लक्षात आहे. सासूबाईंच्या मनगटावरचा नंबर मला आज कळला.

शिबिरांचं म्हणाल तर तो काही जुना काळ नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली, डझनभर जणी गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं बंद करा म्हणून सांगितलं ते २०१६ मध्ये. मी हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्यातली गेली नाही कुणी. एकीला ताप होता खूप दिवस." मग म्हणाल्या, "तुला किती दिवस झोपायला मिळालं गं, दोघांच्या वेळी?" मी म्हटलं, आठवत नाही. म्हणाल्या, "मलापण."

एका शहाळ्याचं पाणी त्यांनी दोन पेल्यांत ओतलं. आम्ही ओट्याला टेकून प्यालो. तिकडून त्याचा आवाज आला, "शहाळं आहे का अजून?" सासूबाई म्हणाल्या, "संपली." चार होती पिशवीत.

त्यांचं मत बदललं वगैरे काही नाही. रात्री जेवताना परत त्याच्या पाठीला उशी लावून दिली.

आणि एक राहिलं. हे झालं म्हणजे लगेच सुटका, असं सगळ्यांना वाटतंय. तसं नसतं. नळीत पुढे जे असतं ते जाईपर्यंत तीन महिने काळजी घ्यायचीच, मग तपासणी करायची, आणि त्यात शुक्रजंतू नाहीत असं लिहून आलं की झालं. आत्यांचं पुण्य अजून तीन महिने कच्चं आहे. मघाशी झोपायच्या आधी त्याने डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. नमुना घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, अंगाच्या उबेत ठेवायचा. कागद घडी करत म्हणाला, "लॅब तुझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच आहे ना? जाता जाता देशील?"

मी म्हटलं, "नाही."

म्हणाला, "बरं, बरं." मग थोड्या वेळाने, "पण म्हणजे मी असं खिशात घालून रिक्षाने जायचं?"

"शर्टाच्या आतून," मी म्हटलं. "ऊब राहते."