हुतात्माने जा, भुयारी स्टेशनं बघून या

सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये पोचली. बोरघाट मात्र 1863 ला खुला झाला, म्हणजे सुरुवातीला मुंबईपर्यंत सलग गाडी नव्हतीच. पुढे घाटातले बोगदे आपल्या सवयीचे झाले, पण जमिनीखालचं स्टेशन बघायचं तर अजूनही पुणं गाठावं लागतं. सकाळची सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेस धरली की संध्याकाळच्या हुतात्माने परतता येतं. तेवढ्या वेळात शिवाजीनगर ते स्वारगेट ही पाचही भुयारी मेट्रो स्थानकं निवांत होतात.

पुणे स्टेशनाबाहेर वनाजकडे जाणारी मेट्रो घ्या. ही पुलावरून जाते. मंगळवार पेठेनंतर जिल्हा न्यायालयाला उतरायचं. लोक अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात. दोन मार्ग इथेच एकमेकांना भेटतात, एक डोक्यावर, दुसरा जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. इतकं खोल का? कारण स्वारगेटकडे निघालेला बोगदा लगेच मुठेच्या पात्राखालून जातो आणि नदीचा तळ नि बोगदा यांच्यामध्ये पुरेसा खडक शिल्लक राहायला हवा. छत मधोमध उघडं ठेवलंय, त्यामुळे ऊन थेट फलाटापर्यंत उतरतं. हे बघायला दुपारची वेळ बरी. गाडी बदलायला मात्र सरकत्या जिन्यांवरच बराच वेळ जातो. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ लिफ्ट शोधा.

भुयारी स्टेशन म्हणजे जमिनीत पुरलेली काँक्रीटची पेटी. तिचा खरा वैरी पाणी. भूजल पेटीला खालून वर ढकलतं, म्हणून तळ आणि भिंती नुसत्या मजबूत असून भागत नाही, पेटीला वजनही लागतं. सांध्यात जलरोधक थर फाटला, तर ओल नेमकी कुठून येते ते सापडत नाही, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि झिरपतं भलतीकडेच. प्रवेशद्वारापाशी खाली उतरण्याआधी दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी जिन्यातून आत येऊ नये, एवढ्याचसाठी ती उठाठेव.

दुसरी अडचण हवेची. बोगद्यातली गाडी दट्ट्यासारखी हवा पुढे रेटते. फलाटावर गाडी दिसायच्या आधी वारा लागतो तो हाच. स्टेशनाच्या दोन्ही टोकांचे मोठे पंखे आगीच्या वेळी धूर एकाच दिशेला लोटतात, म्हणजे माणसांना उलट्या बाजूने ताज्या हवेत चालत जाता येतं. रस्त्यालगत जाळ्यांचे चौकोनी मनोरे दिसतील, ते याच हवेचे धुराडे. मान वर करून गाडीची वीजही बघा. लोंबती तार नाही, ताठ ॲल्युमिनियमची पट्टी आहे. ती झोळत नाही, त्यामुळे बोगद्याची उंची कमी ठेवता येते.

शिवाजीनगरच्या स्थानकाला किल्ल्याचा बाज दिलाय. सोलापूरचा भुईकोट किल्ला रोज बघणाऱ्याला त्याचं फार अप्रूप वाटणार नाही. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानकं खरी कसोटीची, वर दाटीवाटीचे जुने वाडे आणि खाली बेसाल्टचा कठीण काळा खडक. मंडईला उतरलात तर तुळशीबाग पायी जवळ.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला. कात्रजकडचा पुढचा मार्गही भुयारीच असणार. परतीची हुतात्मा चुकली तर स्वारगेटलाच वर या, एस.टी. स्टँड समोरच आहे.