तुम्ही विचारलंत म्हणून: तुटलेली नस परत जुळते का?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. कुणाचा मुलगा गाडीवरून पडलेला असतो, कुणाचं बोट यंत्रमागात सापडलेलं असतं. मी डॉक्टर नाही. सोलापुरात वैद्यकीय शिक्षणाच्या हिस्टॉलॉजी प्रयोगशाळेत २६ वर्षं टेक्निशियन आहे. शरीराचा बारीकसा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे काप काढायचे, रंगवायचे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मायक्रोस्कोपखाली ठेवायचे, हे माझं काम. औषधपाणी मी कुणाला सांगत नाही. पण नस आतून कशी दिसते ते मी रोज बघते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिसण्यातच आहे.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. पोटरीत गोळा आला की आपण म्हणतो ‘नस चढली’; तो असतो स्नायू. ‘डोक्यात नस फुटली’ म्हणतो, ती रक्तवाहिनी. मूठ आवळल्यावर मनगटापाशी दोरीसारखी वर येते ती स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा. ‘कंबरेत नस दबली’ म्हणतो तेव्हाच बहुतेक वेळा खरी नस असते: पुस्तकातला मज्जातंतू, डॉक्टरांची नर्व्ह. मी सांगतेय ते तिच्याबद्दल.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणारं घर. सूत चिमटीत धरून, डोळे मिटून, २० काउंटचं की ४० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) ते सांगायचे. गेल्या जूनमध्ये वाऱ्याने आपटलेल्या खिडकीची काच धरायला गेले आणि उजव्या मनगटाच्या तीन बोटं वर खोल कापलं. जवळच्या एका दवाखान्यात वरच्या कातडीला टाके घालून घरी पाठवलं. बोटं बधिर झाली आहेत का, हे कुणी विचारलंच नाही. आठवड्याने चहाचा गरम पेला धरला, तर्जनीला फोड आला, तरी कळलं नाही. तेव्हा घरच्यांना शंका आली. मग मोठ्या इस्पितळात प्लास्टिक सर्जननी मायक्रोस्कोपखाली नस जोडली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर अण्णा म्हणाले, “अक्का, सूत तुटलं तर गाठ मारली की माग चालू होतो. हे बी तसंच की. मग बोट अजून मेल्यासारखं का?”

या एका वाक्याचं उत्तर द्यायला मला नंतरचे सहा-सात महिने लागले. सगळी अडचण ‘तसंच की’ या शब्दांत आहे.

नसेचा आडवा काप करायचा म्हणजे आधी तुकडा फॉर्मलिनमध्ये, मग अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं पॅराफिन. मेणाचा ठोकळा झाला की मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, पाच मायक्रॉनचे काप, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनशे. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात मेण मऊ पडतं आणि काप सुरकुततात, म्हणून ठोकळा बर्फावर ठेवून मगच कापायला घ्यायचा. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ती स्लाइड पाहिली की बाहेर एक जाड वेष्टण दिसतं. आत वेगवेगळ्या जाडीच्या गोल लडी, प्रत्येक लडीला तिची स्वतःची पातळ पिशवी. आणि लडीत हजारो बारीक गोल: पांढरं रिकामं कडं आणि मधोमध गुलाबी ठिपका. कडं रिकामं दिसतं, कारण तिथलं मायलिन, म्हणजे प्रत्येक तंतूभोवती गुंडाळलेलं आवरण, मुख्यतः चरबीचं असतं आणि ते अल्कोहोल-झायलीनमध्ये विरघळून जातं. तोच तुकडा ऑस्मियमने रंगवला तर चरबी टिकते आणि तीच कडी काळीभोर, बांगड्यांसारखी उमटतात. उभा काप घेतला तर तंतू सरळ न दिसता नागमोडी दिसतात. हात लांबवला की ही नागमोड सरळ होते, म्हणून नसेवर ताण येत नाही. मुलांना स्लाइड ओळखताना मी हीच खूण सांगते.

तो गुलाबी ठिपका म्हणजे ॲक्सॉन. पाठ्यपुस्तकात अक्षतंतू. इथेच अण्णांच्या सुताशी असलेलं साम्य संपतं. सूत दोन्हीकडे सूतच असतं. तुटलं तरी दोन्ही तुकडे सारखे. ॲक्सॉन मात्र एका पेशीचा लांब हात आहे. तर्जनीच्या टोकाची जाणीव आणणाऱ्या पेशीचं शरीर बोटात नसतं, मनगटात नसतं, ते मानेपाशी मणक्यालगतच्या एका गाठीत असतं. त्या गाठीची स्लाइड मला फार आवडते: मोठ्या गोल पेशी, मधे फिकट केंद्रक, त्यात टपोऱ्या डोळ्यासारखं केंद्रिकाचं गडद टिंब, आणि प्रत्येक पेशीभोवती चिमुकल्या सॅटेलाइट पेशींची माळ. त्या एका पेशीचा हात मानेपासून बोटापर्यंत पोचतो. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तर मीटरभर लांब असतात. मधुमेहात बधिरपणा आधी पायाच्या बोटांत येतो, कारण हे सगळ्यात लांब तंतूच आधी थकतात.

आता काचेने कापलं तेव्हा काय झालं? मनगटाच्या वरचा भाग पेशीशी जोडलेला राहिला आणि जगला. खालचा, बोटांकडचा भाग त्या पेशीपासून तुटला आणि काही दिवसांत विरून गेला. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे १८५० साली दाखवलं; आजही या विरण्याला त्याचंच नाव आहे. म्हणजे सर्जनने जोडलं ते काय? बाहेरचं वेष्टण. आतल्या हजारो तंतूंना टाका घालता येत नाही. केसाहून बारीक नायलॉनने, लडीसमोर लडी येईल अशी वेष्टणाची तोंडं जुळवायची, एवढंच माणसाच्या हातात. अण्णांना हे लगेच पटलं. चादरीचे दोन तुकडे जोडताना नक्षी जुळवावी लागते, ते काम त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

पुढचं काम पेशींचं. मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेरच्या नसांमध्ये मायलिन गुंडाळतात श्वान पेशी (श्वान हे एका शास्त्रज्ञाचं नाव), एका ॲक्सॉनच्या जेमतेम एक मिलिमीटरच्या टप्प्याला एक. ॲक्सॉन मेला तरी त्या मरत नाहीत. रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज पेशींना हाताशी धरून पडझड साफ करतात, संख्येने वाढतात आणि जुन्या नळीत रांगेने उभ्या राहून वाट तयार ठेवतात. तिकडे मानेजवळच्या पेशीतही खळबळ उडालेली असते. एरवी तिच्यात दिसणारे निळे निस्ल कण विरतात, केंद्रक मधून कडेला सरकतं. अशी पेशी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मरायला टेकलीय असं वाटलं होतं. आमच्या सरांनी शेजारी बसवून समजावलं, की ती दुरुस्तीचा माल बनवायला लागलीय. मग तुटक्या टोकातून नवे कोंब फुटतात, श्वान पेशींच्या नळीत शिरतात आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर या चालीने पुढे सरकतात.

तेव्हा उत्तर असं: जुळत नाही, नव्याने उगवते. अण्णांच्या जखमेपासून तर्जनीचं टोक जवळजवळ २३ सेंटिमीटर. कोंब फुटायचे सुरुवातीचे तीन-चार आठवडे धरले तर आठ-नऊ महिने. लवकर जोडणं का महत्त्वाचं, तेही यातच आलं. वर्ष-दीड वर्ष तंतू पोचला नाही तर स्नायू सुकत जातो, वाट पाहणाऱ्या श्वान पेशीही कमी होतात. म्हणून कुठेही खोल कापलं तर टाके घालण्याआधी बोटांची जाणीव तपासून घ्या, कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. हे मी प्रत्येकाला पोटतिडकीने सांगते.

लोक लगेच पुढचं विचारतात, “मग पाठीचा कणा मोडून लुळा झालेला माणूस का उठत नाही?” तिथे, म्हणजे कण्यातल्या मज्जारज्जूत, मायलिन गुंडाळणाऱ्या पेशी निराळ्या, ऑलिगोडेंड्रोसाइट. एकेक पेशी अनेक ॲक्सॉन सांभाळते, पण तुटल्यावर श्वान पेशींसारखी वाट धरून ठेवत नाही. उलट तिच्या मायलिनमधले काही रेणू वाढ रोखतात. वर ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी जखमेभोवती व्रणाची भिंत उभारतात. मज्जारज्जूत वाढ अडते ती अशी.

श्वान पेशीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. कुष्ठरोगाचा जंतू नेमका तिच्यात घर करतो. म्हणून न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा दिसला तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध फुकट मिळतं आणि आजार बरा होतो. उशीर झाला तर औषधाने जंतू मरतात, पण गेलेली नस मागे येत नाही.

अण्णांचं कोंब कुठवर आलंय हे पाहायची एक साधी रीत आहे. नसेच्या वाटेवर बोटाने टिचकी मारत जायचं. जिथे मुंग्या येतात तिथे वाढतं टोक. १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, फ्रान्सचे तिनेल आणि जर्मनीचे हॉफमन या शत्रूराष्ट्रांतल्या दोन डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या नसांवर वेगवेगळं काम करून ही खूण टिपली. अण्णा दर पौर्णिमेला मुंग्यांच्या जागी पेनने टिंब काढतात आणि सून ते अंतर पट्टीने मोजून कॅलेंडरवर लिहिते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेला, आम्ही एकत्र गेलो तेव्हा टिंब तर्जनीच्या मधल्या पेराजवळ होतं.

सगळं पूर्वीसारखं होईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. काही कोंब चुकीच्या नळीत शिरतात, मग तर्जनीला लावलेला हात मधल्या बोटाला लागल्यासारखा वाटतो. मेंदूला ते नव्याने शिकवावं लागतं. त्यासाठी फिजिओथेरपिस्टनी त्यांना एका डब्यात वस्तू घालून दिल्या आहेत: शेंगदाणा, बटण, रुपयाचं नाणं, टॉवेलचा तुकडा. आधी बघून चाचपायचं, मग डोळे मिटून. अण्णांनी त्यात आपण होऊन सुताच्या दोन लडी टाकल्या, एक २० ची आणि एक ४० ची. परवा डोळे मिटून बसले होते. शेंगदाणा ओळखला, नाणं ओळखलं. लडी बराच वेळ चिमटीत धरली, मग डाव्या हातात घेतली, आणि परत उजव्यात.