पाळीचं घड्याळ: बँगल जेएसवरचं ओलिताचं अ‍ॅप कुठवर आलं

मंडळी, ओलिताचं अ‍ॅप आता रोजच्या वापरात आलं आहे. चण्याच्या दुसऱ्या ओलितापासून ते बँगल जेएस २ वर, म्हणजे स्वतः लिहिलेली अ‍ॅप टाकता येणाऱ्या मनगटी स्मार्टवॉचवर, चालतं आहे. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण हे काम कशासाठी चाललंय ते कळल्याशिवाय पुढचं तांत्रिक बोलणं कोरडं वाटेल.

शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाइन चोवीस तास नसते. आमच्याकडे आठ तासांची पाळी असते, कधी दिवसा, कधी रात्री, आठवड्यागणिक बदलणारी. मधेच लाइन गेली तर गेलेला वेळ भरून मिळत नाही. स्प्रिंकलर एका पट्ट्यात तीन तास चालवायचा आणि मग पाइप पुढच्या पट्ट्यात बदलवायचे, हा नेम. पण हे तीन तास सलग कुठे मिळतात? लाइन दोनदा गेली-आली की तोंडी हिशोब कोलमडतो. एक पट्टा अर्धवट राहतो, दुसऱ्यात पाणी जास्त होतं, आणि भारी जमिनीत चण्याला पाणी जास्त झालं की पीक उभळतं. हे सगळं मोबाइलच्या टायमरवर करता येईल की, असं वाटेल. शेजारच्या वावरातले काकाजी यावर एकाच वाक्यात बोलले होते: "पोरा, मोबाइल काढाले हात तं कोरडे पायजेत." चिखलाचे हात, एका हातात बॅटरी, कान रानडुकरांच्या चाहुलीकडे. अशा वेळी मनगटावर एक बटण असणं ही चैन नव्हे.

अ‍ॅपमध्ये म्हणून मोजकंच ठेवलं. लाइन आली की बटण दाबायचं, पट्ट्याचा वेळ धावू लागतो. लाइन गेली की पुन्हा दाबायचं, वेळ थांबतो, पण पुसला जात नाही. प्रत्येक दाबाला आकडा घड्याळाच्या फ्लॅशमध्ये लिहिला जातो, त्यामुळे घड्याळ रीस्टार्ट झालं तरी हिशोब शाबूत. पट्ट्याचा वेळ भरला की घड्याळ जोरात थरथरतं. हा इशारा मी अ‍ॅपच्या आतल्या टायमरवर सोडलेला नाही, घड्याळाच्या सामायिक अलार्म लायब्ररीकडे दिला आहे. मधे कोणी दुसरं अ‍ॅप उघडलं किंवा नुसता वेळ बघितला, तरी इशारा वेळेवर येतोच. स्पर्शाचा पडदा मुद्दाम वापरला नाही. ओल्या बोटांना तो दाद देत नाही आणि थेंब पडला की आपोआप दाबल्यासारखं करतो.

सगळ्यात जास्त वेळ देवनागरीत गेला, आणि मला त्यातच जास्त गोडी लागली. घड्याळ चालतं एस्प्रुइनोवर, म्हणजे जावास्क्रिप्टवर. त्याचे फाँट अक्षरं एकापुढे एक मांडतात. मराठीचं तेवढ्यावर भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर पण दिसायला हवी अक्षराआधी, 'रात्र' मधलं 'त्र' जोडून हवं. हे जुळवण्याची यंत्रणा २५६ केबी रॅमच्या घड्याळात बसवण्यात अर्थ नाही. म्हणून दोन वाटा धरल्या. 'दिवसपाळी', 'रात्रपाळी', 'पाइप बदलवा', 'लाइन गेली' असे ठरलेले शब्द लॅपटॉपवर नीट छापून एकरंगी चित्रं करून घेतली. १२० बाय ४० पिक्सेलचं असं एक चित्र ६०० बाइटमध्ये बसतं, म्हणजे डझनभर शब्द ठेवले तरी जागेची चिंता नाही. आकड्यांना जोडाक्षराचा प्रश्नच नाही, म्हणून त्यांच्यासाठी स्वतःचा फाँट केला: शून्य ते नऊचे जे कोड आहेत त्याच जागी मराठी आकड्यांचे आकार बसवले. प्रोग्रॅमला वाटतं तो नेहमीचे आकडे छापतोय, पडद्यावर उमटतात १, २, ३. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पहिल्यांदा ते घड्याळ हातात घेऊन स्वतः वेळ वाचली, तेव्हा या कामाचं चीज झालं.

फोनवरचे मराठी मेसेज घड्याळात चौकोन होऊन येतात ही तक्रार ज्यांची आहे, त्यांनी गॅजेटब्रिजमध्ये, म्हणजे घड्याळ फोनला जोडणाऱ्या अ‍ॅपमध्ये, मजकूर चित्ररूपात पाठवण्याची सेटिंग चालू करावी. घड्याळाला जो शब्द छापता येत नाही, तो फोनच चित्र करून पाठवतो.

आता तो प्रश्न, जो मला सगळेच विचारतात: एवढा खटाटोप कशाला, दुकानातलं घड्याळ का नाही? आपल्या बाजारात हजार-दीड हजारात मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांत बाहेरचं अ‍ॅप टाकायची सोयच नसते. कंपनीने दिलेले घड्याळाचे चेहरे (वॉच फेस) बदला, पावलं मोजा, कॉल घ्या, संपलं. महागड्या घड्याळांत ती सोय होती आणि तिथेही ती आक्रसत चालली आहे. पेबल हे स्मार्टवॉच २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर एक कोटी डॉलरच्या वर रक्कम जमवून उभं राहिलं, त्याचा सगळा जीव बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये होता. २०१६ च्या शेवटी फिटबिटने ते विकत घेतलं आणि जून २०१८ मध्ये सर्व्हर बंद झाले. पुढे फिटबिटही गूगलकडे गेलं. २०२२ ला आलेल्या व्हर्सा ४ आणि सेन्स २ मध्ये बाहेरची अ‍ॅप नाहीतच. सॅमसंगने २०२१ मध्ये आपली टायझन प्रणाली सोडून गूगलची वेअर ओएस घेतली आणि टायझन घड्याळांसाठीचं अ‍ॅपचं दुकान २०२५ मध्ये गुंडाळलं.

अ‍ॅपलकडे दुकान भरलेलं आहे, पण तिथूनही मोठी नावं आली-गेली. गूगल मॅप्स २०१७ मध्ये निघून गेलं, २०२० मध्ये परतलं. फेसबुक मेसेंजर २०२३ मध्ये गेलं. कारणं मला समजतात. २०१५ ची पहिली अ‍ॅप खरं तर फोनवर चालायची, घड्याळ नुसतं दाखवायचं, म्हणून ती रडतखडत उघडायची. पुढे वेग आला तोवर लोकांना सवय लागली होती की मेसेज आला की मनगटावर वाचायचा आणि हात खाली. एवढ्यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही. इवलीशी बॅटरी, पार्श्वभूमीत चालण्यावर कडक बंधनं, वेगळ्या पडद्यासाठी वेगळी मेहनत, आणि त्यातून मिळकत फारशी नाही. कंपनीच्या वहीत हा सौदा जमत नाही, हे मान्य. वेअर ओएसवरच्या वॉच फेस फॉरमॅटचंही तसंच. २०२३ मध्ये गूगल आणि सॅमसंगने तो आणला, त्यात चेहरा म्हणजे नुसतं एक्सएमएल वर्णन, त्यात कोड चालत नाही. बॅटरीला बरं झालं, पण चेहऱ्यातच स्वतःचा हिशोब करणाऱ्यांची वाट तेवढी अरुंद झाली.

माझं म्हणणं एवढंच की जी अ‍ॅप गेली ती मोठ्यांची होती, आणि त्यांच्या जाण्याने आपलं फार अडलं नाही. अडतं ते आपल्याला स्वतःचं छोटं अ‍ॅप टाकता येत नाही तिथे. रात्रपाळीत चण्याच्या पट्ट्याचा वेळ मोजणारं अ‍ॅप कुठलीही कंपनी कधीच लिहिणार नाही, आणि तिने ते लिहावं अशी अपेक्षाही नाही. मला लिहू द्यावं, एवढंच हवं. अ‍ॅपलवर विनामूल्य खात्याने स्वतःच्याच घड्याळात टाकलेलं अ‍ॅप सात दिवसांत मुदत संपून बंद पडतं, ते टिकवायला वर्षाला ९९ डॉलरचं खातं आणि मॅक लागतो. वेअर ओएसवर एडीबीने (कॉम्प्युटरवरून अ‍ॅप टाकायच्या साधनाने) टाकता येतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, पण रोज चार्जिंग मागणारं घड्याळ वावरात उपयोगाचं नाही. बँगलचा पडदा उजेड परावर्तित करणारा असल्याने वैशाखातल्या उन्हात उलट जास्त ठळक दिसतो, आणि जीपीएस बंद असलं तर चार्जर काही आठवडे आठवत नाही.

उन्हावरून एक जपणूक. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा तिथे पोचतो, टिनाच्या खोलीत त्याहून वर. तेव्हा उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा, घड्याळ माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवून.

दुसरं काम क्षेत्र मोजण्याचं चाललं आहे. धुऱ्याने चालत चक्कर मारायची, जीपीएसच्या बिंदूंवरून एकर काढायचे. ट्रॅक्टरवाल्याचं भाडं एकरावर ठरतं, म्हणून गावात याची मागणी आधीपासून आहे. हिशोबाचं सूत्र सोपं आहे, अडचण अचूकतेची. एक एकराचा चौरस तुकडा घेतला तर बाजू जेमतेम ६४ मीटर. लांबी-रुंदीत प्रत्येकी तीन मीटरचा फरक पडला तरी क्षेत्रात सुमारे दहा टक्के इकडेतिकडे होतात. भाड्याचा वाद मिटवायला हे पुरेसं नाही. सध्या प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बरेच बिंदू घ्यायचे आणि त्यांची सरासरी धरायची, असं करून बघतोय. मोठ्या वावरात फरक टक्केवारीने आपोआप कमी होतो, लहान तुकड्यांचंच कोडं आहे. मोजणीच्या नकाशाशी ताडून आकडे पुढच्या नोंदीत देईन.

बँगलचं अ‍ॅपचं दुकान बंद झालं तर काय, याची तजवीजही केली आहे. बँगलची सगळी अ‍ॅप आणि ती टाकणारं पान गिटहबवर खुल्या परवान्याने आहे. त्याची अख्खी प्रत मी लॅपटॉपवर उतरवली. क्रोममधून ब्लूटूथने अ‍ॅप घड्याळात जातं, केबल लागत नाही, आणि लॅपटॉपवरच्या प्रतीतूनही तसंच जातं. नेट नसलेल्या दिवशी करून पाहिलं, चाललं. पेबलवाल्यांना त्यांचं जग रेबलच्या नावाने छंदी लोकांच्या मेहनतीवर तगवावं लागलं, आणि मूळ प्रणालीचा कोड गूगलने जानेवारी २०२५ मध्ये खुला केला. आपल्याकडे तो पहिल्या दिवसापासून हातात आहे, तेव्हा प्रत काढून ठेवायला कोणी आळस करू नये.

पाइनटाइम हे दुसरं खुलं घड्याळ वापरणारं कोणी इकडे असेल तर हेच अ‍ॅप त्याच्या इन्फिनिटाइम या प्रणालीत बसवून पाहायचं आहे. तिथे रॅम ६४ केबी आणि काम सी प्लस प्लसमध्ये, म्हणजे चित्रांची जागा पुन्हा मोजावी लागेल. पण ते घड्याळ बरंच स्वस्त आहे, आणि गावात चार जणांच्या हाताला बांधायचं झालं तर तेच परवडेल. शब्दांची चित्रं आणि आकड्यांचा फाँट दोन्ही कोणालाही घेता येतील. 'पाळी' च्या जागी तुमच्याकडे दुसरा शब्द चालत असेल तर कळवा, नवीन चित्र करून देतो.