मागून बघायच्या गाड्या

गणपतीला आलेली मंडळी आरती झाली की प्रसादाची वाटी घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये उतरतात, आणि माझ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या कपाटासमोर दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यंदाचा प्रश्न जरा सविस्तर होता. "अहो, यात फेरारी नाही, पोर्शे नाही, साधी मस्टँगसुद्धा नाही. या शववाहिनीसारख्या लांबलचक, छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत गेलेल्या स्टेशन वॅगनच का जमवल्यात? आणि सगळ्या उलट्या तोंडानं का लावल्यात?" मी "आवड आपली" म्हणून चहा टाकायला वर सटकलो. चहा उकळेपर्यंत संपेल असं ते उत्तर नव्हतं.

गाड्या उलट्या लावलेल्या नाहीत, मुद्दाम पाठमोऱ्या लावल्यात. एकदा एका पाहुण्यांच्या पोरानं आम्ही जेवत असताना सगळ्या नीट समोर तोंड करून ठेवल्या. बिचाऱ्याला वाटलं, काका विसरले. सगळ्या पुन्हा फिरवायला मला अर्धा तास लागला.

पहिली गाडी घेतली ती मिशिगनला आल्यावर दुसऱ्या वर्षी, एका गराज सेलमध्ये. बुटांच्या खोक्यात रंग उडालेल्या गाड्यांचा ढीग होता. त्यात एक पोपटी रंगाची होती, बॉनेटवर टवके गेलेले, पुढचं एक चाक वाकडं. ती परत टाकणार तेवढ्यात मागची काच दिसली. काचेच्या जागी दोन कुत्रे बाहेर बघत बसले होते. गाडी जेमतेम तीन इंचांची आणि कुत्रे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, पण कान कळत होते. मॅचबॉक्स या खेळणी कंपनीची १९६८ची मर्क्युरी कम्यूटर, त्यांच्या यादीतली ७३ नंबरची. ही नावंगावं नंतर कळली. तेव्हा मी फक्त एक डॉलर दिला.

घरमालकीण सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी गाडी हातात घेऊन उलटी केली आणि मागच्या भागावर अंगठा ठेवला. म्हणाल्या, आमच्याकडे अशीच होती, मोठी; आई-बाबा पुढे, धाकटी मधे, आणि आम्ही चौघं इथे, एकमेकांकडे तोंड करून. उन्हाळ्यात उत्तरेला तळ्यावर जायचं, पाच तास, गुडघ्याला गुडघा घासत.

मला एकदम साताऱ्याची वडाप जीप आठवली. फोर्ड आणि तिच्याच मर्क्युरी ब्रँडच्या मोठ्या वॅगनमध्ये मागे खरंच अशी दोन छोटी बाकडी समोरासमोर असत, १९६५पासून. वडापमध्ये कोंबडी आणि दुधाची किटली, इथे कुत्रा आणि आइसबॉक्स. तेव्हापासून मी वॅगन मागूनच बघतो. स्पोर्ट्स कारमध्ये जे काही आहे ते नाकात आणि बॉनेटखाली. वॅगन पुढून अगदी सेडानसारखीच, बहुतेक वेळा तोच पत्रा, तेच दिवे. ती वॅगन होते ती मागच्या दाराच्या मागे. डिझाइनरनं डोकं तिथे चालवलं आणि पोरं मोठी झाली तीही तिथेच.

नावातलं 'स्टेशन' हे रेल्वे स्टेशनच. आगगाडीतून उतरलेली माणसं आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात किंवा बंगल्यावर पोचवायला लाकडी टपाच्या गाड्या असत. फोर्डनं १९२९मध्ये आपल्या 'मॉडेल ए' गाडीवर बेतलेली तशी गाडी स्वतः विकायला काढली. लाकूड कंपनीच्याच आयर्न माउंटनच्या कारखान्यातून यायचं, इथून वर, मिशिगनच्या उत्तर भागात. त्या कारखान्यात उरलेल्या ढलप्यांचं काय करायचं म्हणून कोळशाच्या विटा पाडायला सुरुवात झाली. आज अमेरिकेत अंगणातल्या शेगडीसाठी किंग्सफोर्ड नावाची जी कोळशाची पिशवी मिळते ती त्याच धंद्यातून आलेली. आमच्याकडे त्यावर मक्याची कणसं भाजतात आणि मी दर वेळी ही गोष्ट सांगतो. मुलगी आता आधीच म्हणते, "बाबा, माहितीये."

पुढे खरं लाकूड गेलं. फोर्डची कंट्री स्क्वायर १९५०ला आली, १९९१पर्यंत टिकली, आणि त्यातली पहिली दोन वर्षं सोडली तर बाकी सगळी वर्षं पत्र्यावर लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची फिल्म. म्हणजे चाळीस वर्षं लोकांनी पोलादी गाडीवर खोटं लाकूड चिकटवून घेतलं आणि वर जादा पैसे मोजले. हसू नका. आपल्याकडे फ्रिजवर क्रोशाचा रुमाल घालत होतेच की.

छोट्या गाडीवर हे लाकूड छापतात. कोरलेल्या पट्टीत शाई भरतात, मऊ सिलिकॉनचा गोळा ती उचलतो आणि गाडीच्या कुशीवर दाबतो. पत्र्याला बाक असला तरी गोळा त्यावर बसतो. चांगल्या ओतीव गाडीवर भिंगातून बघितलं तर तपकिरीवर गडद रेघा दिसतात, आणि भोवती फिकट चौकट, मॅपलच्या पट्ट्यांची. ही शाई किती पातळ असते ते मी एका रविवारी शिकलो. खेळण्यांच्या प्रदर्शनात एका टेबलवाल्यानं १९७९च्या कंट्री स्क्वायरच्या छपरावरच किमतीचं स्टिकर चिकटवलं होतं. घरी आल्यावर त्याचा डिंक निघेना. बायकोचा नेलपॉलिश रिमूव्हर घेतला, कापसाचा बोळा फिरवला. छपराचा रंग तर गेलाच, वर एक थेंब खिडकीवरून खाली ओघळला. मी घाईनं टिपायला गेलो आणि डाव्या बाजूचं सगळं लाकूड बोळ्यावर आलं. चहाचा डाग पडावा तसं. उजवीकडून कंट्री स्क्वायर, डावीकडून नुसती फोर्ड. टाकून द्यावी असं वाटलं, पण खऱ्या गाड्यांचीही फिल्म उन्हानं अशीच पांढरी पडून सोलवटायची. ठेवली.

मागच्या दारावर अमेरिकन कंपन्यांनी जेवढं डोकं लावलं तेवढं मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. फोर्डनं १९६६ला असं दार आणलं की हवं तर फळीसारखं खाली पाडा, हवं तर घराच्या दारासारखं बाजूला उघडा. जनरल मोटर्सनं १९७१ ते १९७६च्या मोठ्या वॅगनमध्ये कहरच केला. किल्ली फिरवली की काच वर छपरात जायची आणि दार खाली गाडीच्या तळाखाली गडप. मागे नुसतं मोकळं भगदाड. त्या गाड्या पावणेसहा मीटरच्या पुढे जायच्या, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मारुती ८००.

छोट्या गाड्यांत खरी गंमत इथे आहे. १:६४ला, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाला, ती गाडी नऊ सेंटिमीटरची होते, आणि हॉट व्हील्सवाल्यांचा कल गाडी पाकिटात बसवण्याकडे. मग मागचा भाग चेपतात. म्हणजे नेमकी वॅगनच कापतात. वर जाड चाकं, बॉनेटमधून बाहेर आलेलं इंजिन. त्यांची १९७०ची क्लासिक नोमॅड चमकते छान, लोक तिच्यावर जीव टाकतात. मला नाही जमत. शेवरलेची खरी नोमॅडही, १९५५ ते ५७ची, दोन दारांची. दिसायला देखणी, पण मागे बसायचं तर पुढची सीट पाडून घुसायचं. लग्नातल्या मानाच्या पाहुण्यासारखी, कामाला हात लावणार नाही. ग्रीनलाइटवाले 'इस्टेट वॅगन्स' मालिकेत लांबी पुरी ठेवतात म्हणून अर्धं कपाट त्यांचं आहे.

मॅचबॉक्सची १९७८ची मर्क्युरी कूगर व्हिलेजर मात्र खास. मागचं दार नखानं उघडतं. या रूपातली खरी कूगर वॅगन फक्त १९७७च्या एका मॉडेल-वर्षात निघाली, रस्त्यावर दिसणं मुश्कील. खेळण्यातली त्यानंतरही विकली जात होती.

मोठ्या वॅगन संपल्या त्या हळूहळू. १९७३चं तेलसंकट, मग १९८४च्या मॉडेल-वर्षात आलेल्या क्रायस्लरच्या मिनिव्हॅन. मिनिव्हॅन सरकारी हिशेबात हलका ट्रक, त्यामुळे इंधनाचे नियम तिला सैल. शेवरले कॅप्रिस आणि ब्युइक रोडमास्टर या शेवटच्या अजस्र वॅगन १९९६ला बंद झाल्या. ज्या उरल्या त्यांतल्या कितीतरी जत्रेतल्या डिमोलिशन डर्बीत एकमेकींवर आपटून मेल्या. मागे एवढा पत्रा की धडक द्यायला सोयीच्या. मस्टँग लोकांनी ताडपत्रीखाली जपली, वॅगन वापरून संपवली. आमच्या दारातही मिनिव्हॅनच आहे, तेव्हा मी फार बोलू नये.

तुम्ही विचारलंत म्हणून एवढं लिहिलं. पुढच्या गणपतीला आलात तर दुसऱ्या फळीवर डावीकडून तिसरी, निळी, ती काढा. स्टुडबेकर लार्क वॅगनेअर, मॅचबॉक्सची १९६५ची. खऱ्या गाडीचं मागचं छप्पर पुढे सरकायचं, उभा फ्रिज न्यायची सोय म्हणून, आणि पावसात ते गळायचं. खेळण्यातलंही सरकतं. सोबत एक शिकारी आणि कुत्रा यायचा. माझ्या वाट्याला आली तेव्हा शिकारी हरवलेला होता, कुत्रा आहे. छप्पर हळूच सरकवा, जोर लावू नका, आणि ठेवताना तोंड भिंतीकडे.