टायर पुण्याचे, सायकल बर्मिंगहॅमची

बॅगेत बाकरवडी होती, लोणचं होतं आणि तळाशी २८ × १½ मापाचे दोन टायर. सायकलचा टायर पिळून त्याची तीन वेटोळी केली की तो कपड्यांखाली निमूट बसतो. बर्मिंगहॅमला माझा मावसभाऊ असतो. त्याच्या शेजारचे आजोबा जुन्या सायकली दुरुस्त करून पुन्हा उभ्या करतात, हे टायर त्यांच्यासाठी. भाऊ बॅग उघडून म्हणाला, "दादा, लोकांना इथून काय न्यावं ते कळत नाही, तू इथे टायर आणलेस?"

पण त्यात नवल नाही. आपली काळी दांडीची सायकल मूळची ब्रिटिशच. हर्क्युलिस मद्रासला आली, रॅले सेन-रॅले होऊन आसनसोलला आली आणि सगळं बाड इथेच राहिलं. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, ही इंग्लंडची जुनी रीत. कॉटरचे क्रँकही तिकडचेच, म्हणजे पेडलचे दांडे मधल्या एक्सलला पाचर ठोकून बसवलेले; ती पाचर म्हणजे कॉटर. त्यांनी बरंचसं सोडून दिलं, आपण चालू ठेवलं. म्हणून आता टायर उलट्या दिशेने जातात.

आधी लंडनमध्ये थांबलो ते हर्न हिलसाठी. व्हिक्टोरियाहून लोकल पकडायची, स्टेशनवरून बर्बेज रोडपर्यंत चालायचं आणि घरांच्या रांगेतली एक बोळकांडी शोधायची. आत गेलं की एकदम मोकळं मैदान आणि भोवती सायकलींची धावपट्टी. ही १८९१ची. १९४८च्या ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या शर्यती इथेच झाल्या, भारताचे सायकलस्वारही धावले आणि त्यांच्या यादीतली बरीच नावं पारशी होती. वळणावरचा उतार टीव्हीवर दिसतो तसा भिंतीसारखा नाही. पोरंटोरं आरामात फेऱ्या मारत होती.

पाथ रेसर सायकल जन्मली ती अशाच पट्ट्यांसाठी. कुठे सिमेंट, कुठे गवत, कुठे कोळशाची राख. ब्रेक नाही, मडगार्ड नाही, फ्रीव्हील नाही. हँडल खाली वाकलेलं, दांडी आडवी सरळ आणि बऱ्याच सायकलींना एक इंच पिचची, म्हणजे कडी-कडीत इंचभर अंतर असलेली जाडजूड चेन. उघड्या रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावायला सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेनेच मनाई केली होती. पोलिसांची आणि लोकांची नाराजी ओढवून सायकलच रस्त्यावरून हद्दपार व्हायची, ही भीती. मग रस्त्यावरच्या मंडळींनी पळवाट काढली. १८९५पासून एकेकाने घड्याळाशी धावायच्या शर्यती सुरू झाल्या. पहाटेची वेळ, अंगात काळे कपडे, मिनिटामिनिटाने एकेक जण सुटणार. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी आपल्या कामाला चाललंय.

सायकल क्लबांतल्या या मंडळींची 'क्लबची सायकल' त्यातून घडली, आणि मला पाथ रेसरपेक्षा हीच जास्त भावते. शनिवारी माणूस हिच्यावरूनच शर्यतीच्या गावी जायचा. मडगार्ड, दिवा, पिशवी सगळं लावलेलं. शर्यतीची हलकी चाकं पुढच्या एक्सलला बसवलेल्या दोन पट्ट्यांवर, हँडलच्या दोन्ही बाजूंना उभी बांधलेली. पहाटे चाकं बदलायची, मडगार्ड उतरवायचे, पन्नास मैल जीव खाऊन पळायचं आणि सगळं परत चढवून घरी. सोमवारी त्याच सायकलवर कारखान्यात.

सरे परगण्यात एका गावच्या हॉलमध्ये जुन्या सुट्या भागांचा बाजार भरला होता, तिथेही डोकावलो. टेबलांवर सिगारच्या डब्यांत बेअरिंगचे छर्रे, कप, कोन. बीएसएची तीन अक्षरं कोरून काढलेलं चेनव्हील मी बराच वेळ हातात धरून उभा होतो. विकणारा थर्मासमधून चहा ओतत होता, भाव मात्र एक पौंडानेही कमी करेना. ठेवून दिलं.

बर्मिंगहॅमला आजोबांच्या घरामागचं गॅरेज म्हणजे आपल्याकडचं सायकल मार्टच, फक्त हवा भरायला रांग नाही. स्टँडवर एक क्लबची फ्रेम होती, दाराला मारतात तसल्या हिरव्या ऑइलपेंटने माखलेली. नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या पोलादाच्या. टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट रेनॉल्ड्सने याच गावात १८९७मध्ये घेतलं, ५३१ आली १९३५मध्ये. जोडावर पितळ वितळवून ब्रेझिंग करायचं तर तिथे जाडी हवी, मधलं वजन उगाच कशाला वाहायचं? आजोबांनी दांडी मधोमध नखाने वाजवली आणि मग जोडाजवळ. दोन वेगळे आवाज आले.

हिरव्याखाली त्यांनी बोथट पात्याने हळूहळू खरवडलं होतं. हिरव्याखाली मरून, त्याखाली काळा आणि काळ्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. मी सहज विचारलं, "मग मूळ रंग काळा, नाही का?"

"कोणत्या सालचा मूळ?" ते म्हणाले. "गिअरचा हा कान बघा."

मागच्या एक्सलपाशी गिअर अडकवायला एक छोटा कान ब्रेझिंग करून जोडला होता. त्याच्याभोवती काळा रंग जळून फुगला होता, मरून मात्र कानावरून सलग गेला होता. म्हणजे सायकल आधी काळी आणि बिनगिअरची होती, मग कुणीतरी गिअरसाठी कान लावून घेतला आणि त्याच खेपेला मरून रंग दिला. शर्यतीचा हंगाम संपला की हिवाळ्यात फ्रेम परत कारागिराकडे टाकायची, काही जोडून घ्यायचं, रंग चढवायचा, हे तेव्हा सर्रास चाले. शिवाय सायकल अख्खी एका दुकानातून आलेलीच नसे. फ्रेम गल्लीतल्या कारागिराची, क्रँक विल्यम्सचे, हब दुसऱ्याचं, सीट ब्रुक्सची. ऐपतीप्रमाणे दरवर्षी एकेक भाग बदलत जायचा. मग कॅटलॉगमधल्या चित्राबरहुकूम चकचकीत करून ठेवलेल्या सायकली मला जरा खोट्याच वाटायला लागल्या. आजोबांनी मरून ठरवलाय, कारण गिअर ठेवायचा तर साल तेच.

कॉटर काढायला त्यांनी हातोडी हातात घेतली नाही. रात्रभर तेल सोडलेलं, नट आट्यांच्या टोकाशी आणून ठेवलेला आणि वर शिकंजा. पान्याचे दोन हिसके, 'टक्' आणि कॉटर बाहेर. आपल्याकडे ठोकून काढतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणे ठोक्यांनी आतल्या कपावर छर्र्यांचे खड्डे पडतात.

माझे टायर चढले ते दुसऱ्या सायकलवर. ही रस्त्यावरची साधी जड सायकल, तिला पाथ रेसरचं रूप दिलेलं: मडगार्ड उतरवलेले, हँडल उलटं फिरवून खाली आणलेलं, मागे फिक्स्ड, म्हणजे फ्रीव्हील नसलेलं चाक. पुढचा ब्रेक मात्र ठेवलाय, रस्त्यावर न्यायची तर तो हवाच. उतरवलेला प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावलेल्या खोक्यात आहे, उद्या कुणाला परत जशीच्या तशी करायची असेल तर. ग्राइंडर लावून कान-खुंट्या छाटणाऱ्यांच्या नावाने त्यांनी जे काढलं ते इथे लिहीत नाही. गल्लीतून एक चक्कर मारली. फिक्स्ड चाकावर पाय थांबवायला गेलं की सायकल पायांना खालून ढकलते आणि पहिल्या वळणावर मांड्यांतून कळ जाते. दुसऱ्या वळणापासून मजा यायला लागली.

वेल्समधल्या लांड्रिंडॉड वेल्सचं राष्ट्रीय सायकल संग्रहालय राहिलंच. श्रूसबरीहून हार्ट ऑफ वेल्सची गाडी आहे, पण दिवसाला फेऱ्या मोजक्याच, आमचं जमलं नाही. जाणार असाल तर वेळापत्रक आधी बघा.

आणि एक काम आहे. आजोबांनी मला यादी दिली आहे: रॅलेचे बीबी कप (क्रँकच्या एक्सलच्या बेअरिंगचे), इंचाला २६ आटे असलेले (बाकीच्यांचे २४चे चालत नाहीत), विल्यम्सचे डावे क्रँक आणि जुने कडक पोलादाचे कॉटर, नवे फार मऊ निघतात म्हणे. कुणाच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या सायकल मार्टात असे डबे पडून असतील तर मला कळवा. भाऊ दिवाळीला येतोय, जाताना त्याच्याकडे देईन.